जगबुडीनंतरच्या जळगावात सोन्याचा भाव काय लावायचा? पडक्या तिजोऱ्यांत काय ठेवायचं?

तापीकाठ (प्रश्नकर्ता)

राम राम मंडळी. कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळायचा भूमिका-खेळ लिहितोय. सगळं कोसळून ४० वर्षं झालीत. वीज नाही, सरकार नाही, माणसं थोडी. जागा आपला खानदेश : पश्चिमेला कोंडाईबारी घाट, पूर्वेला भुसावळ-वरणगाव, वर सातपुडा, खाली अजिंठ्याचे डोंगर. मूळ चलन १ किलो ज्वारी. बाकी सगळे भाव त्यावरून काढलेत.

गाडी अडते ती सोन्यापाशी. जळगावला सगळे सुवर्णनगरी म्हणतात, तेव्हा कोणताही खेळाडू पहिल्याच बैठकीत सराफ बाजार नाहीतर बँकेची स्ट्राँग रूम गाठणार. नियमात सध्या १ तोळा = ४०० किलो ज्वारी असं लिहिलंय. तोळा १० ग्रॅमचा धरला तर अर्धा किलो दागिने म्हणजे ५० तोळे, म्हणजे २० टन ज्वारी. एका लुटीत खेळ खलास. भाव शून्य ठेवला तर तिजोरीकडे कोणी फिरकणार नाही, आणि मला तिजोऱ्या तर हव्याच आहेत.

भाव कशाच्या आधाराने ठरवावा? ४० वर्षं बंद असलेल्या स्ट्राँग रूममध्ये खरोखर काय शिल्लक राहील? आणि सोनं एकदम हाती न लागता हळूहळू लागेल अशी काही खरी वाटणारी सोय आहे का? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

कोंडाईबारी

तापीकाठ भाऊ, एकच भाव लिहिलात तिथे गोंधळ झाला. घरात पुढच्या पिकापर्यंतचं धान्य असेल तोच माणूस सोनं घेतो. ज्याच्याकडे ते नाही, त्याला तोळा दाखवा की किलो, तो पायली सोडणार नाही. १८७६-७८ च्या दुष्काळात लोकांच्या अंगावरचे चांदीचे दागिने वितळायला मुंबईच्या टांकसाळीत येऊन पडत होते. धान्य चढतं तेव्हा दागिना उतरतो, आणि तोही सगळे एकाच वेळी विकायला काढतात म्हणून आणखी उतरतो.

त्यामुळे भाव जागेवर आणि महिन्यावर बांधा. तोळा विसरा, एकक गुंज ठेवा. माझा तक्ता असा राहील : भुसावळच्या बाजारात माघ-फाल्गुनात, दादर (रब्बी ज्वारी) घरात आली की १ गुंज = ४ किलो ज्वारी. आषाढ-श्रावणात तीच गुंज १ किलोवर येईल. नवापूरकडे, जिथे गुजरातचे व्यापारी चढून येतात, तिथे ६ किलो, कारण त्यांना वजनाला हलका माल परत न्यायचा असतो. सातपुड्यातल्या पाड्यावर सोन्याचा भाव शून्यच लिहा. तिथे मीठ, लोखंडी पास (वखराचं पातं) आणि सुया चालतील.

९६ गुंजांचा तोळा धरला तर भुसावळच्या सुगीत तो ३८४ किलो होतो, म्हणजे तुमचा ४०० चा आकडा फार चुकलेला नाही. फक्त तो वर्षातले दोनच महिने आणि एकाच बाजारात खरा आहे.

दुसरी खीळ घेणाऱ्याच्या ऐपतीची. फॉलआउट न्यू व्हेगास या संगणक-खेळाच्या डेड मनी या जोडभागात सिएरा माद्रेच्या तिजोरीत ३७ विटा आहेत. प्रत्येकीचं वजन ३५ आणि किंमत १०,५३९ टोपणं (बाटलीची टोपणं, त्या खेळातलं चलन). सगळ्या मिळून वजन १,२९५ आणि किंमत जवळजवळ ३ लाख ९० हजार. वजनामुळे सगळ्या उचलून सरळ मार्गाने बाहेर पडता येत नाही. आणि दोनचार बाहेर काढल्या तरी बहुतेक दुकानदारांकडे एका विटेइतकी टोपणंच नसतात. वजन आणि गिऱ्हाईक, दोन्ही बाजूंनी आवळलंय. तुम्ही असं करा : एक व्यापारी आठवड्याला २० गुंजांपेक्षा जास्त घेणार नाही. त्याच बाजारात पुढच्या प्रत्येक २० गुंजांना भाव पाव हिश्शाने पडेल आणि महिनाभराने पुन्हा जागेवर येईल.

त्याच मालिकेत चलनाचा विचार फार नीट केलाय. १९९७ च्या पहिल्या खेळात बाटलीच्या टोपणामागे हब नावाच्या शहरातल्या व्यापाऱ्यांचं पाणी उभं आहे. पुढे एनसीआर या खेळातल्या सरकारने सोन्याच्या आधारावर डॉलर काढला, ब्रदरहुड या त्याच्या शत्रू संघटनेने सोन्याचे साठे उद्ध्वस्त केले, डॉलरची पत गेली आणि लोक टोपणांकडे वळले. म्हणजे लोकांनी किंमत केली ती साठा सांभाळणाऱ्याची. तुमच्या खेळात ते काम ज्याच्या हाती तापीवरच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे आहेत, त्याची चिठ्ठी करू शकेल. सोनं तिच्या पाठीशी राहील.

कसोटी

कोंडाईबारींचा तक्ता चांगला आहे, पण त्यात एक गृहीत धरलंय की समोरच्याला सोनं ओळखता येतं. तिथेच खरा खेळ आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वजन. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा : १२ मासे, माशाला ८ गुंजा, म्हणजे गुंज साधारण ०.१२ ग्रॅम. आजच्या दुकानात तोळा म्हणजे १० ग्रॅम. दोन्ही वजनं भंगारात सापडणार, त्यामुळे 'तोळा' म्हटल्यावर कोणता, यावर सहज सोळा-सतरा टक्क्यांची फसवणूक होते. हे नियमात जरूर घ्या. गुंज एकक ठेवण्याचा फायदा असा की तिची वेल रानात उगवते. लाल-काळं बी म्हणजे फुकटचं वजन. सगळ्या बिया अगदी सारख्या भरत नाहीत, म्हणून एकेक न तोलता दहा-दहाच्या जुडीने तोलायच्या. बी विषारी असतं, पोरांच्या तोंडात जाऊ द्यायचं नाही.

मग शुद्धता. हॉलमार्कच्या दागिन्यावर २२ कॅरटला ९१६, १८ ला ७५०, १४ ला ५८५ असा आकडा असतो. जुन्या दागिन्यावर काहीच नसतं. वितळवलं की छाप गेला, आणि छाप कोणीही ठोकू शकतो. म्हणून तीन चाचण्या ठेवा, प्रत्येकीला वेगळं सामान.

कसोटीचा काळा दगड : त्यावर दागिना घासायचा, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सळया घासायच्या, रंग जुळवायचा. वर तेजाबाचा थेंब टाकला की पितळ-तांब्याची रेघ विरून जाते, चांगल्या सोन्याची राहते. ४० वर्षांनी जुनं तेजाब शिल्लक नसणार. ते उजेडाने पिवळं पडून बिघडतं आणि झाकणं खातं. म्हणजे तेजाब गाळता येणारा कारागीर हा तुमच्या जगात मोठा माणूस झाला.

पाण्यातलं वजन : दागिना दोऱ्याने काट्याला टांगून आधी हवेत, मग पाण्यात बुडवून तोलायचा. १०० ग्रॅम शुद्ध सोनं पाण्यात ५.२ ग्रॅम हलकं होतं, २२ कॅरट ५.६ च्या आसपास, १८ कॅरट साडेसहाच्या जवळ, पितळ जवळजवळ १२. सराफी काटा लागतो, धान्याच्या ताजव्यावर हे जमत नाही. पोकळ दागिन्याला ही चाचणी लागू नाही, कारण आत हवा नाहीतर लाख असते.

आणि आग : शिशाबरोबर वितळवून हाडांच्या राखेच्या वाटीत तापवायचं. शिसं आणि तांबं वाटीत जिरतं, सोनं-चांदीचा मणी वर राहतो. वाटी साधारण स्वतःच्या वजनाइतकं शिसं पिते, त्यामुळे वाटी लहान घेतली तर काम अर्ध्यात थांबतं. खेळात १ भाग दागिन्याला ५ भाग शिसं धरा. गाडीच्या एका बॅटरीत आठ-दहा किलो मिळेल. त्याची वाफ विषारी आहे, बंद खोलीत हे करणाऱ्या पात्राच्या तब्येतीचे गुण कापा. चांदी वेगळी करायला मणी ठोकून पातळ पत्रा करायचा, तो विटेची पूड दोन भाग आणि मीठ एक भाग यांच्या थरांत मडक्यात बंद करायचा, आणि सोनं वितळणार नाही अशा आचेवर रात्रभर ठेवायचा. आच जास्त झाली तर पत्रा गोळा होतो आणि मीठ आतपर्यंत पोचत नाही.

साधं वितळवायचं असेल तर सोन्याला १०६४ अंश लागतात. उघड्या चुलीवर होत नाही, बाभळीचा कोळसा आणि भाता हवा. मुशीत चिमूटभर सवागी (टाकणखार) टाकली नाही तर मळ आणि सोनं वेगळं होत नाही, बारीक मणी मुशीला चिकटून राहतात. सवागी संपली तर कॅरमची बोरिक पावडर चालते. प्रत्येक खोलीत शोधायला देण्याजोगी वस्तू आहे ती.

आता तुमचा तिसरा प्रश्न, 'हळूहळू' चा. त्याचं उत्तर सराफ बाजाराच्या जमिनीत आहे. दुकानातला माल पहिल्या महिन्यातच गेलेला असणार. पण जिथे वर्षानुवर्षं कानस आणि पॉलिश चाललं, तिथली धूळ, फरशीच्या सांधी, भट्टीची राख, गटाराचा गाळ यांत बारीक सोनं असतंच, आणि ते गंजत नाही. झारेकऱ्यांचं सगळं कामच त्यावर चालतं. खेळात असं बसवा : केर आणि गाळ गोळा करायचा, जाळून राख करायची म्हणजे केस, कापूस, लाकूड जातं. मग बारीक चाळायचं, परातीत पाण्याने धुवायचं, खाली राहिलेला काळा जड रवा सवागीबरोबर वितळवायचा. १० किलोच्या पाटीला दोन माणसांचा एक दिवस आणि किमान १०० लिटर पाणी. एक फासा टाका, आलेल्या आकड्याच्या निम्म्या गुंजा. पाण्याचीच टंचाई असलेल्या जगात हे पाणी कुठून आणलं, यावर एक अख्खी बैठक निघेल.

मीठभाकर

कसोटी दादांनी जाता जाता मिठाचं लिहिलं, ते माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं शे. खानदेशात मीठ पिकत नाही. ते समुद्राकडून घाट चढून यायला हवं. माणसाला, बैलाला, लोणच्याला, कातड्याला मीठ लागतं, आणि सोनं शुद्ध करायलाही लागतं. म्हणजे कोंडाईबारी बंद झाली की नुसतं मीठ महागत नाही, शुद्ध सोनं तयार होणंही थांबतं. दोघांचे भाव एकमेकांना बांधा. घाट बंद असताना मीठ तिप्पट आणि 'कसाचं' सोनं दीडपट. बिनकसाचं, अंगावरचं मोडीचं सोनं मात्र निम्म्यावर येईल.

बंदुकीच्या गोळ्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. मेट्रो २०३३ या संगणक-खेळात लष्करी दर्जाची काडतुसं हेच चलन आहे, आणि ती झाडायची की खर्चायची हा पेच प्रत्येक वळणावर येतो. तुमच्या नकाशात वरणगावला आयुध निर्माणी आहेच, तिथे लहान शस्त्रांची काडतुसं होत. तो पेच सोन्यात नाही, म्हणून पूर्वेकडे काडतूस आणि पश्चिमेकडे गुंज अशी दोन चलनं ठेवली तर प्रवासाला अर्थ येईल.

पेवातला कंदील

तिजोऱ्यांबद्दल लिहितो.

खेळांमुळे एक घोटाळा झालाय. फॉलआउटमधला 'व्हॉल्ट' म्हणजे माणसांनी राहायचं भुयार, बँकेचा व्हॉल्ट म्हणजे स्ट्राँग रूम. दोन्ही एकत्र येतात ते फॉलआउट ७६ च्या ७९ क्रमांकाच्या व्हॉल्टमध्ये, जिथे सरकारी सोनं ठेवलंय. आपल्याकडे तसली भुयारं दाखवू नका, पटणार नाहीत. आपल्याकडे आहे ती गावोगावच्या बँकेच्या आणि पतपेढीच्या मागच्या खोलीतली जाड आरसीसीची पेटी, पोलादी दार, त्याच्या आत जाळीचं दार.

पहिली अडचण कुलपाची नसून मातीची असेल. तापीच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. इमारतीची देखभाल बंद झाली, नळ-गटारं फुटली की पाया एका बाजूने बसतो. चौकट अर्धा इंच जरी तिरपी झाली, तरी जाड पोलादी दार किल्ली असूनही हलत नाही, खिट्ट्या चौकटीत अडकतात. म्हणून नुसतं 'कुलूप उघडलं' एवढा फासा पुरणार नाही. पावसाळ्यात एक अडचण, वैशाखात दुसरी. मुरमावर किंवा खडकावर बांधलेल्या शाखा निवडणारा खेळाडू हुशार ठरेल.

कुलपं बहुतेक दोन किल्ल्यांची, दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे ठेवलेली. म्हणजे शोध दोन घरांचा. वेळेवर चालणारं यांत्रिक कुलूप असेल तर त्याची भीती नको. त्याची चावी उतरली की ते अडवायचं थांबतं. इलेक्ट्रॉनिक कुलूप सेल मेल्यावर बंदच राहतं. आतल्या लॉकरला पुन्हा दोन किल्ल्या, बँकेची आणि ग्राहकाची. नियम सोपा करायचा तर ओलीत बुडालेल्या लॉकरला किल्ली मिळूनही सहापैकी दोन वेळाच यश द्या, गंजामुळे.

दार उघडल्यावर लगेच आत शिरणारा मेला, हे स्पष्ट लिहा. बंद खोलीत पोलाद गंजत राहतं आणि गंज हवेतला प्राणवायू खातो. साध्या हवेत तो २१ टक्के. १६ च्या आसपास दिवा विझतो, १० च्या खाली माणूस काही कळायच्या आत पडतो. जुन्या लोकांना हे पेवावरून (धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यावरून) ठाऊक असतं : आधी कंदील सोडायचा, तो विझला तर माणूस उतरवायचा नाही. इथेही तेच. कंदील काठीला बांधून आत सरकवायचा, दार पूर्ण उघडून निदान एक दिवस वारा खेळू द्यायचा, पहिल्या माणसाच्या कमरेला दोर बांधायचा आणि दोर धरणारा बाहेर ठेवायचा. वाचवायला मागोमाग आत धावणारा दुसराही जातो. अशा जागी खरे मृत्यू बहुधा असेच जोडीने होतात.

आत काय? नोटा वाळवीने नाहीतर बुरशीने संपलेल्या. पोलादी नाणी शाबूत, वायसरसारखी वापरता येतील. शाखेच्या स्ट्राँग रूममध्ये सोन्याच्या विटांचे ढीग नसतात, तो समज काढून टाका. सोनं असतं ते तारण कर्जाचं : पाकिटामागून पाकीट, प्रत्येकात एका घरचे दागिने, वर चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव, खातं क्रमांक, एकूण वजन आणि निव्वळ वजन. दोन्हींत फरक असतो, कारण खडे, लाख, दोरा वजा केलेला असतो. घाईत एकूण वजनावर भाव ठरवणारा खेळाडू फसेल.

या चिठ्ठ्या सोन्याहून मोलाच्या ठरू शकतात. चाळीस वर्षं म्हणजे दीड पिढी. यावलच्या एखाद्या घरात आजीच्या पाटल्यांची पावती जपून ठेवलेली असेल. तिचं पाकीट परत नेऊन दिलं तर त्या गावात उतरायला जागा मिळेल, विहिरीवर पाणी मिळेल, पुढच्या लुटीला माणसं मिळतील. वितळवलं तर गुंजा मिळतील, पण त्या बाजारात 'पाकीटचोर' हे नाव पडेल. दोन्हींचे गुण मांडा आणि निवड खेळाडूवर सोडा. मला तर सगळ्या खेळात हीच जागा सगळ्यात जिवंत वाटते.

तापीकाठ (प्रश्नकर्ता)

मनापासून आभार. झारेकऱ्यांची युक्ती आणि पावत्या दोन्ही घेतोय, भाव गुंजेवर आणि महिन्यावर नेतोय. आणखी दोन प्रश्न. कुठेतरी एका सराफाच्या खासगी तिजोरीत १ किलोची वीट ठेवायची आहे. ती खेळात कशी वागेल? आणि रिकामी झालेली स्ट्राँग रूम नंतर टाकूनच द्यायची का?

कसोटी

१ किलोची वीट म्हणजे साधारण ८,२३० गुंजा, आणि आकार फक्त ५२ घन सेंटिमीटर. खिशात मावते. अडचण ती मोडण्याची. आठवड्याला २० गुंजा घेणाऱ्या बाजारात अख्खी वीट कोणी घेणार नाही, आणि छिन्नीने तुकडा पाडला की ती संशयास्पद होते. संशय रास्त आहे, कारण टंगस्टनची घनता जवळपास सोन्याइतकीच असते. वर सोन्याचा थर आणि आत टंगस्टन असेल तर पाण्यातलं वजनही ५.२ च येतं. कसोटीवर रेघही चोख पडते. ओळखायचे मार्ग दोन : मधोमध कापून बघायची, टंगस्टनवर छिन्नी सरकते, सोन्यात रुतते. नाहीतर वितळवायची, टंगस्टनला ३,४०० अंशांच्या वर लागतं, भात्यावर ते वितळत नाही, गाभा तसाच राहतो. म्हणून वीट मिळाल्यावर ती कोणासमोर कापायची हाच कळीचा निर्णय. बाजारात सगळ्यांदेखत कापली तर खरेपणा सिद्ध होतो आणि गावभर कळतंही. चोरून कापली तर जीव वाचतो, पण पुढे प्रत्येक तुकड्याची नव्याने परीक्षा द्यावी लागते.

तुकडे पाडायचेच तर पत्रा ठोकून ५ आणि १० गुंजांच्या चकत्या करा. कापताना खाली कापड अंथरायचं. बेफिकीर माणसाच्या हातून दर वेळी दोन टक्के माल गेला असं धरा, आणि तो केर पुन्हा झारेकऱ्याकडे.

पेवातला कंदील

रिकामी स्ट्राँग रूम टाकून देऊ नका, ती त्या गावातली सगळ्यात चांगली बियाण्याची खोली आहे. उंदीर शिरत नाही, वाळवीला लाकूड नाही, दाराला एकच माणूस पुरतो. जुनं बियाणं आत सापडलं असं मात्र लिहू नका. जळगावच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ४० वर्षं पडलेली ज्वारी उगवणार नाही. नवं ठेवायचं : दादर उन्हात कडक वाळवून, दातांखाली कट्‌कन फुटेल अशी, मडक्यांत राखेत घालून, मडकी जमिनीपासून वीतभर उंच मांडणीवर. ओलं धान्य भरलं तर ते तापतं, बुरशी धरतं आणि खोलीतली हवा पुन्हा पेवासारखी होते, म्हणून दर पंधरवड्याला दार उघडायचं आणि आधी कंदील. ३ मीटर बाय ४ मीटरच्या खोलीत मांडणी लावून ४ टन ज्वारी आरामात बसते. एकरी ४ किलो बियाणं धरा, म्हणजे १,००० एकरांची पेरणी.

कोंडाईबारी

मग माझ्या तक्त्यात एक ओळ वाढवा. ज्या गावात अशी भरलेली खोली आहे तिथे श्रावणातही गुंज ३ किलोच्या खाली जाणार नाही.